तांबड्याच्या कानातला बिल्ला

मी बारकोडच्या पट्ट्या छापणाऱ्या कंपनीत नोकरीला लागले तेव्हा अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, माझं काम काही केल्या समजेना. साबणावर, बिस्किटाच्या पुड्यावर त्या उभ्या काळ्या रेघा असतात ना, त्या मी तपासते, असं मी त्यांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "रेघा बघायचा पगार देतेत व्हय? मंग म्या शाळा कावून सोडली म्हणायची?" पुढे कितीतरी दिवस ते पारावर सांगत होते की आमची लेक चाकणला रेघा राखायला आहे.

खरं तर मी रेघा राखत नव्हते, त्यांचा छळ करत होते. छापलेला नमुना उन्हाच्या पेटीत भाजायचा, मिठाच्या पाण्यात बुडवायचा, आम्लात घालायचा, ब्रशने घासायचा आणि मग त्याच्यावर यंत्राचा लाल उजेड टाकायचा. टुक् आवाज आला की नमुना पास. काळी रेघ आणि तिच्या शेजारची मोकळी जागा यांच्यातला फरक यंत्राला कळला पाहिजे, एवढंच त्याचं वाचणं. मला त्या कामाचा अभिमान होता. कशालाही दाद न देणारी वस्तू आपण बनवतो, असं वाटायचं.

त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली ती फिरवलीच. उन्हाळ्यात आमच्या कंपनीतही ऑर्डरी आटल्या आणि आम्हाला काही आठवडे घरी पाठवलं. गावी आले तर घरी आई एकटी. अण्णा जनावरांबरोबर छावणीत. पाटोद्याच्या रस्त्याला मुरमाड रानात गावच्या दूध संस्थेने चारा छावणी उघडली होती. शेडनेटच्या हिरव्या कापडाखाली अख्ख्या गावाची जनावरं आणि प्रत्येक दावणीशी एक बाज. आमची गाय आणि तिचाच गोऱ्हा, आता चांगला कामाचा बैल झालेला. लाल अंगाचा म्हणून तांबडा. त्याचा जोडीदार आदल्या वर्षी साप चावून गेला होता, तेव्हापासून शेजाऱ्याच्या एका बैलाबरोबर सावड करून अण्णा पेरत होते. तांबडा हा आमचा अर्धा नांगर होता. पण अण्णांच्या लेखी तो नांगरबिंगर काही नव्हता. गोठ्यात त्याचा जन्म झाला तेव्हा वार पडेपर्यंत ते गाईजवळ बसून होते, आणि माझ्या जन्माला मात्र बाजाराला गेलते, असं आई अजून ऐकवते.

छावणीत प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला होता, त्यावर त्याच माझ्या रेघा. बिल्ले आमच्या कंपनीचे नव्हते, तसल्याच दुसऱ्या कुणाचे. रोज संध्याकाळी छावणीचा कारकून मोबाइल घेऊन कानाकानापुढे फिरायचा. टुक् झालं की जनावर हजर आणि त्याचा दुसऱ्या दिवशीचा चारा मंजूर. अण्णा मला बघून हसले. म्हणाले, "बघ माय, तुझ्या रेघा आल्या की आपल्या गोठ्यात."

तांबड्याचा कान बिल्ला टोचल्यापासून चिघळला होता. त्यात माश्या बसल्या आणि किडे पडले. डोकं वाकडं करून तो दिवसभर खुंट्याला कान घासायचा. जनावरांच्या डॉक्टरांकडे कितीतरी छावण्या होत्या, त्यांची फेरी येईपर्यंत थांबणं अण्णांच्याने झालं नाही. आपल्याकडे जखमेला काय करतात ते त्यांनी केलं. बिब्बा सुईला टोचला, भर दुपारी चिमणी पेटवून ज्योतीवर धरला आणि त्याचं उकळतं काळं तेल थेंब थेंब जखमेत सोडलं. मी बैलाची शिंगं धरली होती. पहिल्या थेंबालाच त्याने असा कान झटकला की तेल अण्णांच्या मनगटावर, माझ्या ओढणीवर आणि त्या पिवळ्या बिल्ल्यावर उडालं. अण्णांच्या हातावर बिब्बा उतला, फोड आले. पण तांबड्याचे किडे मेले, जखम कोरडी पडायला लागली आणि त्याचं घासणं थांबलं. अण्णा फोडांचा हात मिरवत फिरत होते.

बिब्बा घातला त्याच संध्याकाळी कारकून आमच्या दावणीशी अडकला. मोबाइल पुढे नेला, मागे घेतला, तिरका धरला.

"अण्णा, बैल दिसंना."

"आंधळा झालास का बे? ह्यो काय पुढ्यात उभा हाय."

"मला दिसतोय, अण्णा. ह्याला दिसंना."

मी बिल्ला हातात घेऊन पाहिला. तेल रेघांवरून, खालच्या आकड्यांवरून पसरून प्लास्टिकात मुरलं होतं. सगळंच काळं, मोकळी जागा कुठे उरलीच नव्हती. रॉकेल, साबण, राख, सगळं लावून झालं. माझ्या नोकरीतलं सगळं शहाणपण मी त्या कानाशी बसून वापरलं. बिब्ब्याचा डाग धोब्याच्या भट्टीत जात नाही, तो माझ्याने काय जाणार!

कारकून चांगला होता, त्याच्या आईची म्हैस तिथेच होती. पण नंबर हाताने टाकायची सोय मोबाइलात नव्हती. पूर्वी म्हणे नुसती कागदावर असलेली जनावरं चारा खाऊन जायची, म्हणून हे यंत्र आलं. नसलेलं जनावर दिसू नये याची व्यवस्था झाली होती, असलेलं दिसेनासं झालं तर काय, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. नवा बिल्ला डॉक्टरांनी जुना काढून, लिहून देऊन मग टोचायचा. मी पाटोद्याला जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथे कळलं, बिल्ले संपलेत, वरून यायचेत. मी तिथल्या साहेबाला नको ते बोलले. त्याने पाणी दिलं, बिल्ला काही त्याच्याकडे नव्हताच.

तोवर तांबडा उपाशी नव्हता. गाईचं दोघांत चालायचं आणि आजूबाजूचे लोक आपल्या दावणीतल्या उसाच्या दोन कांड्या न बोलता त्याच्यापुढे टाकून जायचे. मग तपासणी येणार अशी बातमी आली. संस्थेचे चेअरमन स्वतः आले आणि अण्णांच्या बाजेवर बसले.

"अण्णा, बिनबिल्ल्याचं एक जनावर सापडलं तरी छावणी बंद करतेत. माझ्याकडं दुसरा इलाज न्हाई."

अण्णा त्यांच्याशी भांडतील, असं मला वाटलं होतं. मीच भांडायला उठले. अण्णांनी मला हाताने खाली बसवलं. "समद्यांच्या जनावरांच्या तोंडचं काढायचं न्हाई मला," एवढं म्हणून त्यांनी तांबड्याचं दावं सोडलं. गाय हंबरायला लागली. तांबड्याच्या मागे मान वळवून, तो दिसेनासा होईपर्यंत ती हंबरत होती, आणि अण्णा गाईच्या गळ्यावर हात ठेवून तिथेच उभे राहिले. बैल घरी मी नेला.

घरी चारा म्हणावा असं काही नव्हतं. आईने गोठ्याच्या छपराचं जुनं गवत उपसून त्याला घातलं. कितीतरी पावसाळे खाल्लेलं ते काळं गवत तो भुकेने खात होता. ते त्याच्या पोटात दगडासारखं बसलं. पोट फुगलं, रवंथ थांबला. अण्णा छावणीतून धावत आले, त्याला गोडेतेल पाजलं, पोट चोळलं. सकाळी ऊन वर यायच्या आत त्याने मान टाकली.

जमीन इतकी कडक झाली होती की खड्डा खणायला पहारी लागल्या. छावणीतले लोक आले, चेअरमनही आले आणि पहार घेऊन खणत राहिले. माती लोटायच्या आधी अण्णांनी चाकूने बिल्ला कापून काढला आणि माझ्या हातात दिला. "ह्ये तुझ्या कंपनीचं हाय. घिऊन जा," ते म्हणाले. आमच्या कंपनीचं नव्हतं ते. तरी मी तो घेतला. ते वाक्य मला फार लागलं, अजून लागतं.

कंपनी सुरू झाल्यावर मी तो बिल्ला आमच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांच्या नावावर छपाईच्या शाईचे, प्लास्टिकचे कितीतरी शोध होते, भिंतीवर चौकटीत लावलेले. माणूस वाईट नव्हता. सगळं ऐकून हळहळला. म्हणाला, आता रेडिओ लहरींवर चालणारे बिल्ले येतात. आत बारीक चिप असते, तिला नुसती हाक मारायची, ती ओ देते. वर चिखल असो नाहीतर काळं असो, तिला उजेड लागतच नाही. तसला बिल्ला असता तर तुमचा बैल दिसला असता. हे तो सहज बोलून गेला.

मग त्याने तो बिल्ला आपल्याकडे ठेवून घेतला. त्याच्या कपाटातल्या एकाही द्रवाने ते काळं हटेना, तसतसे त्याचे डोळे चमकायला लागले. अशी शाई आम्ही कधीपासून शोधतोय, म्हणाला. हे तेल कसलं, किती तापवायचं, किती वेळात मुरतं, ते वडिलांना विचाराल का?

नोकरी होती, मी विचारलं. त्याच दुपारी घरी फोन लावला आणि साहेब काय म्हणाले ते सगळं अण्णांना सांगितलं.



"सांगतो की," अण्णा म्हणाले. "पण माय, त्यांस्नी कानाचं बी सांग. जखम वाळलीती. पार बरा झालता कान."