आणखी एक किक

चालणाऱ्या गाडीचे किस्से होत नाहीत. ती येते, माणसाला बसवून घेते, निघून जाते. मागे सांगण्यासारखं काही उरत नाही. बंद गाडी मात्र जागेवर उभी राहते. तिच्याभोवती माणसं जमतात, आणि माणसं जमली की गोष्टीही साचत जातात. देऊळगाव राजाच्या आमच्या हायस्कुलात त्या वर्षी स्टाफरूममध्ये दर सोमवारी एक नवी गोष्ट यायची आणि ती काकडे सरांच्या स्कूटरचीच असायची.

काकडे सर सायन्स शिकवायचे, मी भूगोल. आमची घरं एकाच गल्लीत, म्हणून बहुतेक गोष्टी मी जागेवर हजर राहून पाहिलेल्या आहेत.

•

स्कूटर आली ती सरांच्या आईमुळे. म्हातारी सुलतानपूरला एकटीच राहायची. विहिरीवर थोडं वावर होतं, त्यात वांगी-टमाटे लावायची. पोराकडे राहायला या म्हटलं की तिचं एकच उत्तर, "माह्या वांग्याले पाणी कोण देईन?" सुलतानपूरची थेट यष्टी सकाळी एकच होती, आणि ती परत यायची दुसऱ्या दिवशी. म्हणजे आईला भेटायचं तर सोमवारची रजा मागा, आणि आमचे हेडमास्तर रजा देताना असा चेहरा करायचे की माणसाला मागितल्याचीच लाज वाटावी. स्कूटर असली तर रविवारी सकाळी जाऊन संध्याकाळी परत. सरांचा हिशोब साधा होता.

नव्या स्कूटरसाठी नंबर लावला तर अर्धी नोकरी वाट पाहण्यात जायची, असे ते दिवस. बुलढाण्याच्या एका ओव्हरसियरची बदली झाली, त्याच्याकडून सरांनी जुनी घेतली. त्यानं समोर एका किकेत चालू करून दाखवली. सर चिखलीमार्गे चालवत आले ते थेट बालाजीच्या देवळापुढे. हार घातला, हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मग किक मारली. काहीच नाही. परत मारली. हार हलला, बाकी काही हललं नाही.

शेवटी देवळापुढे जमलेल्या आम्ही शाळेतल्यांनी ती ढकलत घरी नेली. दारात सरांच्या पत्नी शांतावहिनी ताट घेऊन उभ्या होत्या. नवी गाडी वाजतगाजत येईल या अंदाजानं गल्लीतल्या बायाही जमल्या होत्या. वहिनींनी घामाघूम झालेल्या आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि स्कूटरला ओवाळलं.

•

मग सुरू झाले उपाय. आमच्या पी.टी.च्या सरांचं नाव तायडे. त्यांचं म्हणणं, गाडी डाव्या बाजूला आडवी करायची, म्हणजे पेट्रोल खाली उतरतं. हेडमास्तरांनी कुठंतरी ऐकलं होतं की उजव्या बाजूला. मधल्या सुट्टीत दोघांनी आपापल्या बाजूला पाडून पाहिली. पेट्रोल उतरलं खरं, पण जमिनीवर. काकडे सर बाजूला उभे राहून पाहत होते. पेशंटला दोन डॉक्टर तपासत असले की घरच्या माणसाचा चेहरा जसा होतो, तसा त्यांचा झाला होता.

सरांनी स्वतः प्लग काढला, पॉलिश पेपरनं घासला, फुंकला, परत लावला. हे ते रोज करायचे. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी प्लगचा पाना आला. वर्गात एकदा खडू म्हणून त्यांनी तोच हातात घेतला होता.

•

नववीला इंजिनाचा धडा होता. सर तो धडा फार सुंदर शिकवायचे. फळाभर आकृती काढली: सिलिंडर, पिस्टन, ठिणगी कुठं पडते, धूर कुठून जातो. पाऊण तास वर्गात कुणी हललं नाही. शेवटी सरांनी विचारलं, काही शंका? देऊळगाव महीचा एक पोरगा उभा राहिला. त्याच्या मनात थट्टा नव्हती, त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. "सर, मंग तुमची काऊन चालू नाही होत?"

वर्ग हसला. शेजारच्या वर्गात मला ते हसू ऐकू आलं. काकडे सर रागावले नाहीत. फळ्याकडे वळून त्यांनी आकृती परत एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली. मग म्हणाले, "ते पुस्तकात नाही बाळ."

•

गावात स्कूटर दुरुस्त करणारा कुणी नव्हता. विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करणारे रशीदभाई होते, सर त्यांच्याकडे गेले. रशीदभाईंनी अख्खी गाडी उकलली. कार्बोरेटर धुतला, पॉइंट साफ केले, टाकीतून गाळ काढला. जोडली, किक मारली, आणि स्कूटर चालू झाली. सर आनंदानं बसले, बसस्टँडपर्यंत गेले आणि तिथं ती बंद पडली. ढकलत परत आणली. रशीदभाईंनी नुसता पाय लावला की चालू. परत बसस्टँडवर बंद.

असं बरेच दिवस चाललं. शेवटी रशीदभाई हात जोडून म्हणाले, "मास्तर, माझ्या दुकानात ती चालते. आता तुमच्यापाशी नाही चालत तर मी काय करू सांगा?"

हे सांगताना आम्ही पोट धरून हसायचो. सर मात्र त्या रात्री जेवले नाहीत, असं वहिनी म्हणाल्या.

•

रविवार म्हणजे सगळ्यात वाईट दिवस. सकाळीच सर इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर यायचे. हँडलला पिशवी, पिशवीत आईचं गुडघ्याचं तेल आणि केळी. मग किक. आधी मोजक्या, मग न मोजता. मग आम्हाला हाक. मी, तायडे आणि जो सापडेल तो, सिंदखेडच्या रस्त्याला उतार आहे तिथपर्यंत ढकलायचो.

एका रविवारी ती उतारावर चालू झाली! सरांनी थांबायची हिंमत केली नाही. थांबलं की बंद पडेल. मागं न पाहता फक्त हात हलवला आणि गेले. आम्ही रस्त्यातच एकमेकांना मिठ्या मारल्या. तायडेंनी सगळ्यांना चहा पाजला.

दुपारी सिंदखेडकडून एक बैलगाडी आली. गाडीत स्कूटर उभी, आणि पडू नये म्हणून काकडे सर तिला दोन्ही हातांनी कवळ्यात धरून उभे. पांढऱ्या शर्टाला काळे डाग. पिशवी तशीच हँडलला. आम्हाला पाहून ते म्हणाले, "उतरवायला हात लावा." एवढंच. त्या वेळी हसलं कुणीच नाही. हसलो आम्ही सोमवारी, सर वर्गावर गेल्यावर.

•

एकदा म्हातारीच आली. यष्टीतून उतरली, डोक्यावर वांग्याची टोपली, आणि विचारत विचारत घरी पोचली. अंगणात सर स्कूटरपुढे उकिडवे बसलेले, हात तेलानं माखलेले. मीही तिथंच होतो. म्हातारीनं टोपली खाली ठेवली, स्कूटरभोवती एक चक्कर मारली, सीटवर हात फिरवून पाहिला.

"हे अशी उभीच राह्यते काय रे बापू?"

सर म्हणाले, सध्या थोडं काम निघालं आहे.

"मंग यष्टीनं येत जाय ना. हिच्यापाशी काऊन थांबून राह्यतं?"

सरांनी प्लग परत पुसायला घेतला. मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. स्कूटर नव्हती तेव्हा सर महिन्यातून एकदा तरी रजा काढून, हेडमास्तरांचा चेहरा सोसून, आईकडे जायचे. स्कूटर आल्यापासून एकदाही गेले नव्हते. दर रविवारी किक मारता मारता सकाळची यष्टी निघून जायची.

म्हातारी दुसऱ्या दिवशी परत गेली. सर तिला बसस्टँडवर पोचवायला चालत गेले. येत्या रविवारी नक्की येतो, असं त्यांनी सांगितलं होतं.

•

पुढची गोष्ट किश्शात धरावी की नाही, यावर आमचं एकमत नाही. तायडे ती सांगू देत नाहीत. पण ती सोडली तर पुढचं कळत नाही.

सुलतानपूरचा एक माणूस शाळा भरायच्या आधी निरोप घेऊन आला. म्हातारी आदल्या दिवशी मळ्यात चक्कर येऊन पडली होती, बोलत होती, पण उठत नव्हती. सुलतानपूरच्या यष्टीला अजून वेळ होता. वहिनींनी पिशवी भरली. सर अंगणात गेले आणि किक मारू लागले. वहिनी म्हणाल्या, अहो, यष्टी निघेल. सर म्हणाले, "आणखी एक किक." मी म्हणालो, सर, चला. ते म्हणाले, "आणखी एक. आज ती नाही म्हणणार नाही." वहिनींनी त्यांचा दंड धरून ओढलं, तेव्हा बसस्टँडवरून हॉर्न ऐकू आला. आम्ही पळालो. यष्टी वळणावर दिसली, तेवढीच.

सरकी भरलेल्या एका ट्रकवर बसून आम्ही दुपारी पोचलो. अंगणात माणसं बसलेली होती. शेजारच्या बाईनं सांगितलं की म्हातारी दिवस चढेपर्यंत शुद्धीवर होती, आणि रस्त्यावर फटफटी वाजली की दाराकडे पाहायची.

•

तेरवी उरकून सर शाळेत आले. डोक्यावर टोपी. शिकवायला लागले. स्टाफरूममध्ये स्कूटरचा विषय कुणी काढला नाही, आणि सरांच्या खिशात परत पेन दिसू लागला. स्कूटर अंगणात पोत्याखाली होती.

मग एका रविवारी सकाळी मी बाजाराला निघालो होतो. सरांनी पोतं काढलं होतं. अंगावर घरातलाच सदरा. प्लग काढला नाही, गाडी आडवी केली नाही. सहज पाय ठेवावा तसा किकवर ठेवला. पहिल्याच किकेत स्कूटर चालू झाली. वहिनी दारात आल्या. मग सर बसले आणि आमच्यापैकी कुणाकडेही न पाहता निघून गेले.

दिवसभर आम्ही बैलगाडीची वाट पाहिली. दिवस मावळायच्या आत ते आले, गाडीवर बसून, गाडी चालवत. तायडे, मी, गल्लीतले दोघं-तिघं पुढे झालो. कुठं गेला होता, असं तायडेंनी विचारलं.

"सुलतानपूरला."

मग तायडेंनी हळूच विचारलं, "आता तिथं कोण आहे सर?"

सरांनी स्कूटर स्टँडवर लावली, सीटवरची धूळ हातानं पुसली.

"गाडी चालू झाली होती ना," ते म्हणाले.