खुनी नदीच्या काठचं सागवानी घर

जानेवारीतल्या तिसऱ्या शनिवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, पांढरकवड्यापासून आत असलेल्या एका खेड्यात मी पंचवीस हजार रुपये इसार दिला. ठरलेली किंमत तीन लाख चाळीस हजार. हजर होते घरमालक वसंतराव, त्यांच्या पत्नी लीलाबाई, शंकर मिस्त्री, माझी पत्नी सुनंदा आणि मी. मिस्त्री तिथे कशासाठी आला आहे हे पैसे देताना मला माहीत नव्हतं. विचारायला हवं होतं.

आम्ही नाशिकचे. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद असण्याचे दिवस चालू असण्याच्या दिवसांपेक्षा जास्त, आणि सुनंदाचे गुडघे दुखरे. निवृत्ती दोन वर्षांवर आली तसं आम्ही खेड्यात घर शोधू लागलो. सहा पाहिली, सहाही माझ्या हिशेबात बसली नाहीत. सातव्याची जाहिरात फोनवर आली : ‘जुने सागवानी घर विकणे, माडीसह, सुस्थितीत, नदीकाठी, यवतमाळ जिल्हा.’ सुनंदा म्हणाली, “हे नाही जमलं तर मी पुन्हा बॅग भरणार नाही. जिने चढत मरू.” म्हणून या वेळी मी घासाघीस न करता घर घ्यायचं, असं मनाशी ठरवूनच निघालो होतो.

रात्रीच्या गाडीने बडनेरा, तिथून एसटीने यवतमाळ, मग पांढरकवडा. मुक्काम लॉजवर. सकाळी ऑटोवाल्याने येण्याजाण्याचे आणि थांबण्याचे मिळून नऊशे सांगितले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेचणी होत आलेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं) आणि कापणीला आलेली तूर होती. एक चढ पार केला आणि खाली दरी उघडली. उतारावर साग, पानं गळायला लागलेली, तळाशी वळसे घेत जाणारं पाण्याचं बारीक पात्र. मी ऑटोवाल्याला नदीचं नाव विचारलं.

“खुनी,” तो म्हणाला.

“काय?”

“खुनी नदी. नावच तसं हाय जी, कोनाले खात नाई.”

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. जाहिरातीत नदीचं नाव का नव्हतं ते मला कळलं.

घर मात्र पाहताक्षणी आवडलं. शेताच्या मधोमध, पुढे लांब सपरी (ओसरी), तिला बारा सागवानी खांब, वर माडी, कवेलूंचं (कौलांचं) उतरतं छप्पर. वसंतरावांच्या आजोबांनी बांधलेलं. ते स्वतः आता गावातल्या नव्या स्लॅबच्या घरात राहतात, तरी इथली जमीन ताजी सारवलेली होती. लीलाबाई म्हणाल्या, “काल दिवसभर तेच करून राह्यली होती मी. पाहुणे राहाले येनार, घर चांगलं दिसलं पायजे.”

“राहाले कोन येते?” वसंतराव हसून म्हणाले. “हिले सांगून थकलो मी.”

मला वाटलं, नवराबायकोची थट्टा आहे. इसार दिला. वसंतरावांनी नोटा मोजल्या नाहीत, रुमालात बांधून खिशात ठेवल्या. मग जे सुरू झालं त्याचा मला काही केल्या मेळ लागेना.

शंकर मिस्त्रीने खांबांवर खडूने आकडे घालायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. मी म्हटलं, वाळवी तपासत असेल. वसंतरावांनी विचारलं, “मंग साहेब, किती ट्रॅक्टर आनता?”

“आमचं सामान फार नाही. एका टेम्पोत येईल.”

“एका टेम्पोत?” मिस्त्री शिडीवरून म्हणाला. “नुसते दारं बी नाई बसत जी एका टेम्पोत!”

“आन जंगलखात्याची पास तुमच्या नावानं काढा लागते,” वसंतराव म्हणाले. “त्याचे पैसे तुमच्याकडे.”

राहायला येण्यासाठी जंगलखात्याचा पास? वाघांचा भाग म्हणून असेल, असं मी सुनंदाला हळूच सांगितलं. तिने विचारलं, “यांना विचारा, विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं का.”

“विहीर माही नाई, वहिनी,” वसंतराव म्हणाले. “मधुकरची हाय. लहाना भाऊ माहा.”

“आणि ही घराखालची जागा?”

“थे बी त्याचीच.”

मी सपरीच्या पायरीवर बसलो. लीलाबाईंनी न विचारताच पाणी आणून दिलं.

सगळा उलगडा पुढच्या पाच मिनिटांत झाला. वडील गेल्यावर भावांनी चिठ्ठ्या टाकून वाटण्या केल्या. या वावराची (शेताची) चिठ्ठी मधुकरला आली, घराची वसंतरावांना. जमीन एकाची आणि त्यावरचं घर दुसऱ्याचं असं झालं की घरवाल्याने घर उचलायचं, हा तिकडचा रिवाज. अखाजीपर्यंत (अक्षय तृतीयेपर्यंत) जागा मोकळी करून द्यायची बोली होती. जुनं सागवान महाग असतं, म्हणून अशी घरं उभीच विकली जातात. घेणारा मिस्त्रीकडून खांबांवर आकडे घालून ती खोलतो आणि सागवान नेण्याचा जंगलखात्याचा पास काढून लाकूड, दारं, कवेलू ट्रॅक्टरवर लादून नेतो. कुठे हॉटेल होतं, कुठे कोणाचा बंगला. तिथल्या कोणाला हे सांगावं लागत नाही, म्हणून जाहिरातीतही लिहिलं नव्हतं. मला तीन लाख चाळीस हजार एवढी कमी किंमत का, हा प्रश्न नाशिकलाच पडला होता. तो मी आनंदाच्या भरात विचारला नव्हता, इतकंच.

“आता तुमी घर तं घेतलं,” मिस्त्री म्हणाला, “नाशकात जागा पाहून घ्या म्हनजे झालं.”

सुनंदा हसली नाही. ती माडीच्या खिडकीत जाऊन उभी राहिली.

जेवायला सोल्यांची भाजी (तुरीच्या ओल्या दाण्यांची), भाकर आणि ठेचा होता. मी शेतकरी नसल्याने शेतजमीन माझ्या नावावर होणार नाही हे मला ठाऊक होतं. पण घर जागच्या जागी ठेवून जागेचं वर्षाला भाडं दिलं तर? मधुकरचं घर धुऱ्यापलीकडे (बांधापलीकडे) समोरच दिसत होतं. मी हात धुतले आणि सरळ तिकडे चालू लागलो.

“अहो साहेब, तिकडे कायले जाता!” वसंतराव मागून ओरडले. “आमचं बोलनं नाई!”

तोवर मी धुऱ्यावर पोचलो होतो. मधुकर अंगणात तूर पसरत होता. मी भाड्याचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “कितीत देल्लं त्यानं?”

“तीन चाळीस.”

“तीन चाळीस!” त्याने हातातलं सूप खाली ठेवलं. “बापजाद्याचं घर परक्याले तीन चाळीसमधे? मले इचारलं अस्तं तं मी नसतं घेतलं काय?”

मी वळून पाहिलं. वसंतराव, लीलाबाई आणि सुनंदा पलीकडून धुऱ्यापाशी आले होते. दोघा भावांत फार तर दहा हातांचं अंतर, पण दोघेही माझ्याकडेच बघून बोलत होते.

“त्याले सांगा,” वसंतराव मला म्हणाले, “घर पायजे होतं तं थोरल्याच्या दारी येऊन मांगाचं होतं.”

“त्याले सांगा, वावर पायजे होतं तं त्यानं बी मांगाचं होतं.”

मी कोणाला काय सांगू? दोघांनाही ऐकू येत होतं. तरी मी सांगत गेलो, कारण मी थांबलो की दोघेही थांबत. मधुकर तीन लाखांवर अडला. वसंतराव तीन चाळीसच्या खाली येईनात. मी मध्ये तीन वीस सुचवले. मधुकर म्हणाला, माडीचं दार वगळून असेल तर कबूल. ते दार म्हणे वसंतरावांनी मुलीसाठी राखून ठेवलं होतं, आणि पुतणीचं दार त्याला नको होतं. मी गोंधळून वसंतरावांना सांगितलं, “दार धरून तीन वीस म्हणतात.”

“अबे, दार वगळून म्हनतो ना तू, मध्या?” वसंतराव थेट त्याच्यावर ओरडले.

“वगळूनच म्हनून राह्यलो! या साहेबाले समजत नाई तं मी काय करू, दादा?”

लीलाबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. वसंतरावांनी घसा खाकरला, खिशातला रुमाल काढला आणि गाठ न सोडताच माझ्या हातात दिला. “मोजून घ्या,” ते म्हणाले. मी मोजले. पंचवीसच्या पंचवीस होते. मागे सरलेल्या गिऱ्हाइकाचा इसार परत करायचा रिवाज तिकडेही नाही, हे ऑटोवाल्याने परतताना सांगितलं.

मधुकरने इसाराचे वीस हजार घरातून आणून लीलाबाईंच्या हातात ठेवले. “वहिनी, घ्या.” भावाच्या हातात त्याने दिले नाहीत.

परतताना शंकर मिस्त्री आमच्याच ऑटोत बसला, शिडी मागे बांधून. चढावर सुनंदाने वळून पाहिलं. कवेलूंवर ऊन होतं आणि लीलाबाई सपरीत काही तरी करत होत्या, बहुतेक खांबांवरचे आकडे पुसत होत्या. “मला अजून कळत नाही,” मी म्हणालो, “आपण नेमकं काय केलं.” सुनंदा म्हणाली, “घर घ्यायला आलो होतो.” चढ संपल्यावर ती म्हणाली, “पुढच्या वेळी जागेचं आधी विचारा.” तिने ‘पुढच्या वेळी’ म्हटलं, हे माझ्या लक्षात आलं, पण मी ते बोलून दाखवलं नाही.

घरी बसून हिशेब केला. गाडी, एसटी, लॉज, ऑटो मिळून सहा हजारांच्या आत खर्च आला. घर आम्हाला मिळालं नाही, आणि घरासाठी ठेवलेले पैसेही खर्च झाले नाहीत. त्यातले ऑटोचे नऊशे पांढरकवड्याच्या स्टँडवर उतरल्यावर दिले होते. मिस्त्री तेव्हा शिडी सोडवत होता. महिनाभराचं खोलाईचं काम माझ्यामुळे गेलं म्हणून मी त्याला दिवसाची रोजी विचारली. “आठशे,” तो म्हणाला, “पन आज मी नुसता खडू चालवला जी.” मी शंकर मिस्त्रीला आठशे रुपये दिले.