चादरीवर पारखलेला कॅमेरा

ये गं, अशी जवळ बस. शिवारं, डोंगर टिपायचेत म्हणतेस आणि मोबाइलवर आकडे बघून कॅमेरा ठरवतेस? भाची माझी, आणि हातात घेऊन बघायचं सुचलं नाही तुला. ऐक आता.

इथं सोलापुरात सात रस्त्याजवळ एका डॉक्टरांचा नवा दवाखाना होत होता. आख्खी भिंत भरेल असा फोटो हवा होता त्यांना, मंगळवेढ्याच्या त्यांच्या ज्वारीच्या शिवाराचा. माझा स्टुडिओ लग्नांचा. डॉक्टर म्हणाले, "मावशी, आधी प्रिंट दाखवा. नाही पटली तर पुण्याचा माणूस तयार आहे." लग्नाबाहेरचं पहिलंच काम. ते गेलं असतं तर पुन्हा कुणी विचारलं नसतं.

माझ्या जुन्या कॅमेऱ्याचा फोटो एवढा मोठा केला की फुटायचा. मग दुकान गाठलं. पिशवीत घरची सोलापुरी चादर.

दुकानदार इरफाननं सगळ्यात महागडा पुढं केला. "आपा, सेकंदाला वीस फोटो."

"शिवार काय पळून चाललंय व्हय?"

चादर दारात टांगली. अर्धी उन्हात, अर्धी सावलीत.

"धुणं वाळत घालायला आलाव काय आपा?"

"गप की. स्टँड दे."

लग्नात मधले चेहरे स्पष्ट आले की भागतं. शिवारात कोपऱ्यातलं कणीसही तेवढंच स्पष्ट लागतं. म्हणून चादरीच्या कोपऱ्यांतली वीण बघायची. ती लेन्सची परीक्षा. उन्हातले आणि सावलीतले धागे एकाच फोटोत दिसले, तर डायनॅमिक रेंज चांगली, म्हणजे कॅमेरा उजेड-सावली दोन्ही पेलतो. महागड्याच्या झूम लेन्सनं कोपरे पुसट केले. मागं ठेवलेलं एक जुनं मॉडेल होतं, चालायला हळू, पण मेगापिक्सेल जास्त, म्हणजे मोठा केला तरी फोटो फुटत नाही. त्याला साधी वाइड लेन्स लावली, तर धागा न् धागा दिसला. तोच घेतला.

मंगळवेढ्यात डॉक्टरांच्या आईंनी शेत दाखवलं. "मला नगं फोटूत," म्हणत पार कडेच्या बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. मी कॅमेरा होता तसाच ठेवला. वारा थांबेपर्यंत थांबले आणि बटण दाबलं.

प्रिंट भिंतीला लावली. डॉक्टर मधलं बघत बघत कोपऱ्यात गेले आणि तिथंच थांबले.

"ही आमची आई हाय की. लुगड्याचा काठसुद्धा दिसतोय." त्यांचं शहरी बोलणं तिथंच गळालं. मग खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोरच पुण्याला नको म्हणून कळवलं. त्यानंतर त्यांनी मला दुसऱ्या मजल्याची भिंतही दिली.

मधलं सगळेच कॅमेरे नीट टिपतात, तू कोपरे बघ. जाताना ही चादर घेऊन जा. परत द्यायला मात्र लवकर ये.