मायची नजर

माझी लेक आता नऊ वर्षांची आहे. मी घरात पाऊल टाकलं की माझ्या तोंडाकडे बघून आज माझं डोकं फिरलंय की नाही, ते बरोबर ओळखते. तेव्हा मला सासूबाईंची फार आठवण येते. कारण चार महिन्यांची होईपर्यंत हीच पोर माझ्याकडे बघतच नव्हती. पंख्याकडे बघायची, पडद्याकडे बघायची, माझा चेहरा समोर आला की मान वळवायची. अकोल्यात डोळे तपासले, कान तपासले, सगळं ठीक. मी हिला आवडतच नाही, असं मला वाटायचं, पण सांगणार कुणाला?

शेवटी डॉक्टरांनी अमरावतीला, तान्ह्या मुलांच्या मनाचं बघणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. तान्ह्याला कसलं आलंय मन, असं एसटीत मीच सासूबाईंना म्हणाले.

मी लेकीला पाजायला घेतलं, तेव्हा त्या बाईंनी आम्हाला विचारून मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि मग दाखवला. लेक पिता पिता डोळे वर करून माझा चेहरा शोधत होती. तीनदा. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होते. मग तिने मान फिरवली. मला स्वतःचा भयंकर राग आला.

"तुम्ही तिच्याकडे का बघत नाही?" बाईंनी विचारलं.

मी सासूबाईंकडे पाहिलं. पहिल्या दिवसापासून त्यांचा एकच धोशा होता, "मायची नजर लेकराले सगळ्यात आंधी लागते. पाजताना पाहू नको." मी बँकेत नोकरी करणारी, हसायचे. पण आधीचं मूल पोटातच गेलं होतं, म्हणून निमूट पाळायचेही.

मी ते सांगितलं, तरी बाईंनी त्यांना दोष दिला नाही. "आजी, तुमच्याशिवाय हे जमणार नाही," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी लेकीच्या गालाला रुपयाएवढी तीट लावली आणि तिला माझ्या मांडीवर दिलं. "पाय आता तिच्याकडे मनभर. नजर लागली तं मी काढीन."

आठवडाभर तिने पंखाच पाहिला. मग एका सकाळी पिणं थांबवून ती माझ्याकडे बघत राहिली आणि हसली. मी ढसाढसा रडले.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "तुह्या नवऱ्याकडे मी असं कधी पायलंच नाई व," त्या म्हणाल्या. "तान्हा होता तवा कसा दिसे, मले आठोतच नाई."