धोंड्याच्या महिन्यात दिलेला क्लब

आमचा फुटबॉल क्लब गेला तो धोंड्याच्या महिन्यात, आणि तो घेऊन जाणारा माणूस त्या वेळी आमच्याच घरात पाटावर बसून पुरणाचे धोंडे खात होता. तेव्हापासून मला धोंडे घशाखाली उतरत नाहीत.

अधिक महिन्यात आमच्याकडे लेक-जावयाला जेवायला बोलावतात. जावयाचे पाय धुतात, गंध लावतात, कापडं करतात. त्या दिवशी तो जावई नसतोच, साक्षात नारायण असतो. त्याला नाही म्हणायचं नाही आणि उलट विचारायचं तर त्याहून नाही. आमचे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे मालक, लातूरचे. माणूस गोड बोलणारा, हसतमुख, आणि मला मनापासून आवडणारा. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं नुसतं पाहुण्या-पाहुण्यांचं भांडण वाटेल.

नांदेडचा क्लब बाबांचा. बाबा रेल्वेत फिटर होते. कॉलनीमागच्या ओसाड जागेतली काटेरी झुडपं त्यांनी स्वतः तोडली, गोलपोस्ट स्वतः वेल्डिंग करून उभे केले आणि पोरं गोळा केली. पहिल्या जर्स्या हळदीच्या एका व्यापाऱ्यानं दिल्या, म्हणून आम्ही पिवळे. मी गोलकीपर. दिवसभर मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात उभा राहायचं आणि संध्याकाळी गोलमध्ये, असं माझं आयुष्य.

लातूरचा क्लब दाजी चालवायचे. दरवर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी लातुरात आमचा सामना व्हायचा, कारण आमच्या निम्म्या पोरांच्या बहिणी तिकडंच दिलेल्या. हरलेल्या संघानं जिंकलेल्यांना पंगत वाढायची, अशी रीत. दाजींनी मला आग्रह करकरून जिलेबी वाढलीय आणि मीही त्यांना, कधीकधी सूड म्हणून चार जास्तच.

तर धोंड्याच्या दिवशी दाजी एका साहेबाला सोबत घेऊन आले. साहेब एका परदेशी समूहाचा माणूस. या समूहाचे पोर्तुगालात, बेल्जियममध्ये, ब्राझीलमध्ये क्लब होते. आता त्यांना भारतात लहान गावांतले क्लब हवे होते. साहेबानं लॅपटॉपवर जगाचा नकाशा दाखवला. त्यात नांदेडवर एक ठिपका आधीच लावलेला होता. नाव तेच राहील, रंग तोच राहील, आणि पात्रता फेरी जिंकली तर राज्याच्या लीगमध्ये तुमचाच संघ खेळेल, असं तो म्हणाला. आम्ही त्याला शाल-श्रीफळ दिलं. आम्हाला दुसरं येतंय काय?

"मी हाय की मधी," दाजी म्हणाले. "काही काळजी करू नका, मामा."

मी विचारलं, "दाजी, मग लातूरच्या क्लबचं काय?"

बाबांनी माझ्याकडं असं पाहिलं की घास हातातच राहिला. "जावईबापू जेवून राहिलेत. दिसत न्हाई का?"

एरवी पोरीचं स्थळ आलं तर आम्ही काय काय विचारतो! भाऊ किती, जावा किती, घरात कुणाचं चालतं, आधीची एखादी सोयरीक मोडलीय का. त्या दिवशी आम्ही आमचा क्लब एका घरात दिला आणि त्या घरात अजून कोण कोण नांदतंय, हे विचारलं नाही. स्थळ नारायणानं आणलं होतं ना. बाबांनी हात धुतले आणि सही केली. सही करताना त्यांनी कुणाकडंच पाहिलं नाही. मला वाटलं, आनंदानं.

पुढं पावसाळाभर आम्ही पात्रता फेरी खेळलो. इतकं चांगलं आम्ही कधीच खेळलो नव्हतो. बाबा माझ्या गोलमागं चिखलात उभे राहायचे आणि ओरडून ओरडून त्यांचा घसा बसायचा. शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरेशी होती, आणि खेळ संपता संपता समोरच्यांना पेनल्टी मिळाली. मी डावीकडं झेप घेतली. चेंडू हाताला लागून खांबावर आपटला आणि बाहेर गेला. पोरं माझ्या अंगावर पडली. बाबा मात्र तिथंच उभे राहिले, दोन्ही हातांनी जाळी धरून. त्यांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदा पाहिले.

दिवाळीच्या तोंडावर साहेबाचा निरोप मोबाइलवर आला. एका मालकाचे दोन संघ एकाच लीगमध्ये खेळू शकत नाहीत, असा नियम आहे. समूहाकडे लातूरचाही संघ आहे आणि त्याची लीगमधली जागा आधीच पक्की आहे. सबब यंदा लातूर खेळेल, नांदेडच्या मैदानावर लहान मुलांचं शिबिर चालेल आणि नांदेडच्या निवडक खेळाडूंनी लातूरला हजर व्हावं. निवडक खेळाडूंत मी होतो. नियम आधीपासूनचा होता, लातूरचा संघही समूहाकडं आधीपासूनच होता. नकाशावर तेवढा ठिपका लावायचा राहिला होता.

दाजी फोन उचलेनात. मी भाऊबीजेला लातूरला गेलो. दारातच म्हणालो, "दाजी, फसवलंत आम्हाला."

"फसवलं कशाचं, पाव्हणं?" ते हसले. तेच हसू, पण या वेळी मला ते बघवेना. "ते लोक समद्या देशात असंच करतेत. एक क्लब मोठा, बाकीचे त्याला पोरं पुरवणारे. तुम्ही या ना इकडं. माझ्या संघाला लई दिवसांपासून गोलकीपर पायजेच होता."

माझ्या संघाला! म्हणजे हे ठरलेलं होतं. हा माणूस त्या दिवशी आमच्याकडून पाय धुऊन घेत होता, तेव्हाच त्याच्या डोक्यात मी त्याच्या गोलमध्ये उभा होतो. मी आयुष्यात कधी कुणाला शिवी दिली नव्हती. त्या दिवशी दिली असती, पण आतून ताईनं हाक मारली. पाट मांडला होता.

ताईनं टिळा लावला.

"तुला माहीत होतं?" मी हळूच विचारलं.

"हाव."

"मग एक फोन करता आला नाही तुला?"

तिनं दाराकडं पाहिलं. दाजी बाहेर कुणाशी तरी बोलत होते. "केला होता," ती म्हणाली. "धोंड्याच्या आदल्या दिवशी. बाबांना."

ती ओवाळत राहिली. ओवाळणी ताटात टाकायचीही मला आठवण झाली नाही. न जेवता निघालो, आणि नांदेड येईपर्यंत एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. दाजी परके होते, शेवटी लातूरचे होते. पण बाबा?

बाबा अंगणात बसून चेंडूंवरचा वाळलेला चिखल ओल्या फडक्यानं पुसत होते. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं.

"ताईनं सांगितलं होतं तुम्हाला," मी म्हणालो. "तरी सही केली?"

"न्हाई म्हणलो असतो तर जावयानं विचारलं असतं, का म्हून. मग तिनं फोन केलेला त्या घरात कळला असता." त्यांनी फडकं पिळलं. "तिला तिथं नांदायचंय, बाळा."

हे मला पटलं. खोटं कशाला बोलू, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पण तेवढ्यानं माझा राग निघेना.

"मग मला सांगायचं होतं. पावसाळाभर तुम्ही माझ्यामागं उभे होता. रोज. आम्ही जिंकलो काय नि हरलो काय, लीग मिळणारच नव्हती. तुम्हाला माहीत होतं, आणि तरी ओरडत होता, पुढं हो, खाली वाक, डावीकडं बघ! कशासाठी, बाबा?"

हातातला चेंडू पुसून कधीच स्वच्छ झाला होता, तरी ते पुसत राहिले.

"मला एकदा बघायचं व्हतं," ते म्हणाले. "आपण तिथपर्यंत पोचतो का, ते."

आणि आम्ही पोचलो होतो.