झालेलं व्याख्यान

आमच्या कॉलेजच्या दारातच 'आगामी कार्यक्रम' असा काचेचा फलक आहे. व्याख्यान, कार्यशाळा, चर्चासत्र, अमुक दिन, तमुक सप्ताह. तो फलक गेली कित्येक वर्षं माझ्या गळ्यात आहे, म्हणजे किल्ली माझ्याकडे असते आणि बोलणीही मीच खाते. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. निदान नेमणूक तरी त्यासाठी झाली होती.

बाहेरच्यांना वाटतं, आधी व्याख्यान होतं आणि मग त्याचा अहवाल लिहिला जातो. आमच्याकडे सगळा उलटा कारभार. अहवाल आदल्या दिवशी तयार असतो आणि बातमी दुपारी बाराच्या आत पेपरवाल्यांकडे जाते, कारण उशीर झाला की ते छापत नाहीत. 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला' हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय की आता हात आपोआप चालतो. मूल्यांकनाची समिती येते ती फाइल बघायला. समोर खुर्च्यांवर कोण बसलं होतं, हे कुणी विचारत नाही. मला यात कधी लाज वाटली नाही. वाटायला हवी होती.

मागच्या हिवाळ्यात मी माझ्या सरांना व्याख्यानाला बोलावलं. याच कॉलेजात त्यांनी मला शिकवलं, आता निवृत्त होऊन अचलपूरला राहतात. वर्गात चोख पुस्तकी मराठी, वर्गाबाहेर पडले की पक्के वऱ्हाडी. आयुष्यभर त्यांनी एकच नाद केला, आपल्याकडचं गवत गोळा करण्याचा. कुंदा, मारवेल, पवन्या, कुसळी. प्रत्येक काडी दाबून वाळवायची, कागदावर चिकटवायची आणि खाली लिहायचं: नाव, कुठे सापडलं, कोणी गोळा केलं. आमच्यातलं कुणी जागा लिहायला विसरलं की ते अख्खा नमुना टोपलीत टाकत. "कुठून आनलं तेच मालूम नाही, तं मंग हे गवत नाही, कचरा आहे."

सरांच्या घशात गाठ निघाली होती. स्वरयंत्र काढावं लागेल, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेही महिन्याभरात. त्यांनी मला हे फोनवर अशा सुरात सांगितलं, जणू एखादा दात काढायचा आहे. मग म्हणाले, "एक डाव बोलू दे वं मले गवतावर. पोरायले सांगाचं हाये. मंग कापा म्हना खुशाल."

"सर, हॉल भरून दाखवते," मी म्हणाले.

फलकावर त्यांचं नाव मी माझ्या हातानं लिहिलं. अहवालही लिहून टाकला, सवयीनं. व्याख्यानाच्या दिवशी बाराच्या आत बातमी पाठवली आणि निर्धास्त झाले.

सर एसटीनं आले, कापडी पिशवीत नमुन्यांचा गठ्ठा घेऊन. हॉल खरंच भरला होता. बी.एस्सी.च्या तिन्ही वर्गांना मी बजावलं होतं की आजची हजेरी हॉलमध्येच लागेल. पण तिथेच मी माती खाल्ली. प्राचार्यांना संस्थेच्या बैठकीला जायचं होतं, म्हणून मी क्रम बदलला. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, फोटो, हजेरीचा कागद आणि अध्यक्षीय समारोप, सगळं आधी. ज्या भाषणाचा समारोप करायचा ते अजून झालेलंच नाही, हे मला खटकलंसुद्धा नाही. प्राचार्य 'दोन शब्द' बोलायला उठले आणि पाऊण तास बोलले. सर खांद्यावरची शाल सावरत, घोट घोट पाणी पीत बसून होते.

ते माइकपाशी आले तेव्हा साडेतीन वाजत आले होते. चांदूर बाजारकडून अपडाऊन करणाऱ्या पोरी एसटीसाठी उठल्या. ती गाडी चुकली की घरी पोचायला अंधार होतो, त्यांना कोणत्या तोंडानं अडवणार? त्यांच्यामागून बाकीचे उठले. फोटो झाला होता, सही झाली होती. कार्यक्रम संपला असंच त्यांना वाटलं, कारण आमच्याकडे तो तिथेच संपतो. हे त्यांना आम्हीच शिकवलंय.

सरांनी पवन्याचा कागद वर धरला. आवाज घोगरा, मध्येच तुटणारा. पाचेक मिनिटं ते मागच्या रांगांकडे बघत बोलले. मग हॉलमध्ये मी आणि कुलूप घेऊन उभा असलेला शिपाई, एवढेच उरलो.

"बोला ना सर, मी ऐकतेय."

"तुले तं सारंच येते," ते म्हणाले आणि कागद गठ्ठ्यात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला. "बातमी वाचली वं. लय चांगलं बोललो म्हने मी. दीड तास बोललो." "काय बोललो, तेवढं सांगजो कधी." आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

मी तडक प्राचार्यांकडे गेले. ऑपरेशनला आठवडा बाकी होता. एक तास द्या, एकच वर्ग द्या, म्हणून अक्षरशः हात जोडले. त्यांनी शांतपणे फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली. "मॅडम, हे व्याख्यान तर झालेलं आहे. तुम्हीच लिहिलंय. एकच कार्यक्रम दोनदा कसा दाखवायचा?"

पोरांना घेऊन थेट अचलपूरला जाता आलं असतं. तेव्हा सुचलं नाही, असं मी लोकांना सांगते. खरं तर सुचलं होतं. पण सहलीची परवानगी, पालकांची संमतिपत्रं, बरोबर कोण येणार, यात मी आठवडा घालवला.

ऑपरेशननंतर सरांना भेटायला गेले. गळ्याला पट्टी होती. बस म्हणून हातानं खूण केली, चहा झाला आणि निघताना तो गवताचा गठ्ठा त्यांनी माझ्या हातात दिला. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

परतीच्या एसटीत मी तो उघडला. एकेक कागद उलटत गेले. सगळ्यात शेवटी गवत नव्हतं, ती बातमी होती, चारी कोपऱ्यांना पट्ट्या लावून नीट चिकटवलेली. खाली सरांचं तेच सरळ अक्षर. नाव: व्याख्यान. कोणी गोळा केलं, तिथे माझं नाव होतं. कुठे सापडलं, यापुढची जागा त्यांनी कोरी सोडली होती.