मांडवावरची मखमल

खांडबाऱ्याच्या आमच्या बागेत मी लावलेलं झाड शक्यतो जगत नसे.

उन्हाळ्यात मी गुलाबाला बादल्यांमागून बादल्या ओतायचो, तो वाळायचा. रुळांपलीकडचा पळस मात्र थेंबभर पाणी न मागता पेटलेला असायचा. (माझ्याकडे बघून हसायचा, असं माझं मत आहे.) पावसाळ्यात माझा मोगरा कुजायचा, आणि मागच्या दगडी कुंपणावर कुणी न बोलावता तेरडा गुलाबी होऊन बसायचा. थंडीत शेवंतीला एकदाच एक फूल आलं. ते शेळीने खाल्लं.

मी स्टेशनात तिकीट कारकून होतो. माणसांना तिकिटं देऊन जो वेळ उरे, तो झाडांना निरोप देण्यात जाई! शेवटी मी ठरवलं, रानातलंच काहीतरी आणायचं. त्या आषाढात ओढ्याकाठी तीन-तीन पानांचा एक कोवळा वेल दिसला. उपटून आणला आणि अंगणातल्या बांबूच्या मांडवाशी लावला. आणि काय सांगू! तो जगला! श्रावणात मांडवावर चढला, भाद्रपदात मांडव दिसेनासा झाला, आणि दिवाळीच्या सुमारास जांभळ्या फुलांचे असे घोस लोंबू लागले की येणारेजाणारे थांबून बघत. मी रोज संध्याकाळी उगाचच अंगणात उभा राहायचो. (कुणी विचारावं म्हणून.)

पौषात शेंगा धरल्या. चिंचेसारख्या वाकड्या, अंगावर सोनेरी मखमल!

"अहो," बायको म्हणाली, "ह्या शेंगास्ले केस का बरं शेत?"

"राजघेवडा आहे तो! हात लावू नकोस, मला बी धरायचंय."

मी आज्ञा केली आणि तिने, लग्नानंतर प्रथमच, ती पाळली.

माघात माझ्या धाकट्या बहिणीला, यमुनेला, बघायला लोणखेड्याहून पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि आई. आधी दोन स्थळं यमुनेच्या तोंडाळपणामुळे हुकली होती. त्यामुळे आम्ही तिला बजावलं होतं, "मान खाली, तोंड बंद!" दुपारची वेळ होती, म्हणून पाहुण्यांना मांडवाखालच्या गार सावलीत बसवलं. ही सूचना माझीच.

पोहे झाले. यमुना ओसरीच्या पायरीवर मान खाली घालून बसली. मुलाची आई काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "येल चांगला शे हो तुमना."

बस्स! इतके महिने मी याच वाक्याची वाट बघत होतो!

"ही माझी खास जात," मी अगदी पुस्तकी मराठीत सुरू झालो. "थांबा, आपणांस शेंग दाखवतो!" आणि पाटावर चढून मी वेलाला एक जोरदार हिसका दिला.

उन्हात सोन्याची धूळ चमकावी तशी ती मखमल खाली आली. टोपीवर, पदरावर, मानेवर. क्षणभर दृश्य फार सुंदर होतं.

मग मुलाने मान खाजवली. वडिलांनी कोटात हात घातला. आईने एकदा वर बघितलं आणि किंचाळली, "मन्ही माय वं! हाई तं खाजकुइली शे!"

"छे, छे, राजघेवडा—" म्हणता म्हणता माझ्याही कॉलरमधून काहीतरी उतरलं आणि पुस्तकी मराठी जागच्या जागी संपली. "मरी गऊ रे बाप!" मी अंगणभर नाचू लागलो. वडील खांबाला पाठ घासू लागले. खांब हलला, वरून आणखी मखमल पडली! तेवढ्यात दुपारची गाडी स्टेशनात येऊन थांबली. आमचं घर फलाटासमोरच. खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली.

"काय, तमाशा शे का?" कुणीतरी ओरडून विचारलं.

आणि मग यमुनेने मान वर केली.

"खाजू नका! कोणीच खाजू नका!" ती गरजली. पदर खोचला, गोठ्यातून शेणाची पाटी आणली आणि मुलासमोर उभी राहिली. "कोट काढा!"

"पण—"

"काढा म्हनस ना मी! आते हालू नका!"

त्या बिचाऱ्याने कोट काढला. यमुनेने त्याची मान, हात, गाल शेणाने सारवले. (भिंतसुद्धा तिने कधी इतकी मन लावून सारवली नव्हती.) मग त्याचे वडील, आई, आणि शेवटी उरलंसुरलं मला. आम्ही एका रांगेत उन्हात वाळत बसलो. वाळलेल्या शेणाबरोबर ती लव निघते, म्हणे. निघत होतीही. पण गाडीतले लोक पोट धरून हसत होते, आणि माझ्या डोळ्यांसमोरून तिसरं स्थळ शिटी देऊन चाललं होतं.

बायको माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. मी हात जोडले. "माफ करा. आम्ही समजू शकतो, आता तुम्ही..."

मुलाची आई गालावरचं शेण खरवडत होती. "पोरगी माले पसंत शे," ती म्हणाली. "इतला गोंधळमा तिन्हंच डोकं जागेवर व्हतं."

"आणि... मी?"

"तुमनं जाऊ द्या. तुम्ही थोडाच आमनाकडे नांदाले येनार शेत!"

मुलाला विचारलं. त्याने यमुनेकडे बघितलं. तिने बोट रोखलेलंच होतं, "हालू नका!" म्हणून. त्याने न हलता होकार दिला. संसारही, असं ऐकतो, त्याच धोरणाने चांगला चालला आहे.

मेहुणे माझ्याशी फार अदबीने वागतात. मात्र कुठेही बसण्याआधी वर बघतात. परवा स्टेशनात भेटले, तेव्हा मी त्यांना आमच्या बाकावर बसायला सांगितलं. ते उभेच राहिले. छपराकडे टक लावून.

"अहो, पत्रा आहे तो!" मी म्हणालो.

"ते दिसस माले," ते म्हणाले. "पण तुम्ही लायेल नही ना?"

तो मी लावलेला नाही, अशी गळ्याची शपथ घेतली, तेव्हा कुठे ते बसले. तेही टोकाला.